फोटोची पाठ

माझ्या आत्याच्या सासरचा एक फोटो सात-आठ वर्षांपासून नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरतो आहे. पुढे तीन पुरुष खुर्च्यांवर बसलेले, मागे चार बायका उभ्या, कडेच्या खुर्चीला धरून पाच-सहा वर्षांचा एक मुलगा. त्यांच्या मागे कमान, कमानीतून वर जाणाऱ्या पायऱ्या आणि एक नक्षीदार खांब. खाली ओळ असते : ‘धरणात गेलेले आपले घर, १९३५’. पवन मावळातले ते गाव पवना धरणाच्या पाण्याखाली गेले, त्याला पन्नास वर्षे उलटली. त्या घराचा दुसरा फोटो कुणाकडे नाही. म्हणून दर पितृपंधरवड्यात हा फोटो पुन्हा गटावर येतो आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. एका आतेभावाने तळेगावजवळ नवे घर बांधले, तेव्हा दाराला याच फोटोवरून कमान घेतली.

त्या फोटोत ते घर नाही. हे मला कसे कळले आणि इतक्या जणांनी इतकी वर्षे पाहूनही कुणाला का कळले नाही, हे इथे तपासायचे आहे. जुने फोटो वाटण्याची जी रीत आज घरोघर रुळली आहे, तिचे गुणदोष या एका फोटोत नीट दिसतात.

दोन वर्षांपूर्वी मावळातल्या जुन्या फोटोंची नोंद करता करता मी हा फोटो एका सार्वजनिक ऑनलाइन संग्रहात चढवायला घेतला. पहिल्यांदा फाइलच स्वीकारली गेली नाही. भाच्याच्या आयफोनने फोटो एचईआयसी प्रकारात साठवला होता आणि तिथे जेपीईजी हवी होती. दुसऱ्यांदा अर्ध्यावर रेंज गेली. तिसऱ्यांदा फाइल चढली, पण पुढे प्रश्न आले. फोटो कोणी काढला? कधी? मूळ प्रत कोणाकडे आहे? प्रसिद्धीचा हक्क कोणाचा? मला घाई होती. ‘स्वतःचे काम’ या चौकटीवर खूण करून मी मोकळा झालो. आठवड्याभरात फोटो काढून टाकला गेला. मी चिडलो. घरच्या गटावर हाच फोटो एका बोटाने जातो, आणि इथे मात्र जबानी द्यावी लागते, असे वाटले.

राग ओसरल्यावर लक्षात आले की, हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पुढे बावीस खंड झाले. त्यासाठी ते गावोगावी दप्तरे धुंडाळत हिंडले. कागद कोणाच्या घरी सापडला, अस्सल की नक्कल, तारीख आतली की मागाहून घातलेली, हे विचारल्याशिवाय कागदाला साधन म्हणू नये, ही शिस्त मराठी इतिहासलेखनाला त्या पिढीने लावली. माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेर शिकलेल्या माणसाची तर तीच शाळा. कागदाला मी हे प्रश्न विचारतो. घरच्या फोटोला विचारले नव्हते.

दुसरी शिस्त पाठचिकित्सेची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. त्या कामाचा साधा नियम असा, की हस्तलिखिते मोजायची नसतात, त्यांची कुळे लावायची असतात. एकाच पोथीवरून शंभर नकला उतरल्या, तर त्यांची साक्ष एकाच पोथीची. आमच्या फोटोच्या मी अकरा प्रती जमवल्या. त्यांत पाठभेद होते. कुठे ‘१९३५’, कुठे ‘१९४२’, कुठे नुसतेच ‘स्वातंत्र्यापूर्वी’. एका प्रतीत कडेची बाई आणि मुलगा कापले गेले होते. एकीला तपकिरी रंग चढवून ‘जुनी’ केली होती. पण खालच्या डाव्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची एक पांढरी तिरीप अकराही प्रतींत तशीच होती. कधीतरी कुणीतरी काचेच्या चौकटीवरून मोबाइलने एकच फोटो काढला आणि बाकी सगळे त्याचे वंशज. अकरा साक्षीदार नव्हते, एकच होता.

आता मूळ प्रत शोधणे आले. ती कामशेतला आत्याच्या ट्रंकेत, जुन्या पातळाच्या घडीत मिळाली. चौकटीतून कधीच निघाली होती, म्हणून वाचली. मावळातल्या पावसात भिंतीवरचा फोटो ओल धरतो आणि काचेला चिकटतो. तसा चिकटलेला ओढून काढायचा नसतो, वरचा थर काचेवर राहतो. काचेसकटच खिडकीच्या उजेडात, कॅमेरा समांतर धरून, फ्लॅश न लावता त्याची प्रत घ्यावी. आमची प्रत सुटी होती. चार बाय सहा इंचांची. ती इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केली. म्हणजे २४०० बाय ३६००, सुमारे ८६ लाख बिंदू. पडद्यावर मोठी करून खाली खाली सरकत गेलो. खुर्च्यांच्या पायांमागे जमीन संपते तिथे पायऱ्यांच्या सर्वांत खालच्या पायरीला सुरकुती होती. दगडाला सुरकुती पडत नाही. कमान, पायऱ्या, खांब सगळे कापडावर रंगवलेले होते. तो स्टुडिओतला पडदा होता.

फिरत्या प्रतींत ही सुरकुती दिसणे शक्यच नव्हते. व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात पाठवलेला फोटो बरीच वर्षे लांब बाजूला सुमारे १६०० बिंदूंवर आणला जात असे; ‘एचडी’चा पर्याय ऑगस्ट २०२३ मध्ये आला. म्हणजे ८६ लाखांतले साधारण १७ लाख बिंदू उरतात. शिवाय जेपीईजीत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारीक फरक टाकून दिले जातात, आणि प्रत पुन्हा पुन्हा आकसून साठवली की ही टाकाटाकी वाढत जाते. सुरकुती हा असाच बारीक फरक. ती गेली आणि कापडाचा दगड झाला.

यात आपल्या एका सवयीचाही वाटा आहे. गेल्या वीस वर्षांत फोटो अपलोड करणे म्हणजे काय, हे गावोगावची मुले भरतीच्या अर्जांवरून शिकली. फोटो २० ते ५० केबी, सही त्याहून लहान. ‘केबी कमी करून मिळेल’ अशी पाटी तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसते. फोटो मोठा असणे हा दोष, लहान करणे हे कौशल्य, असा संस्कार झाला. अर्जापुरते ते ठीक. पण आजीचा फोटो हा अर्ज नव्हे. त्याची मोठी फाइल जपून ठेवावी, वाटायला लहान प्रत वेगळी करावी, आणि मोठी पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती आकसत नाही. इतके केले की अपलोडची निम्मी अडचण सुटते.

उरलेली निम्मी मात्र मापाची नाही. मी फोटो उलटला. पाठीवर लोणावळ्याच्या एका स्टुडिओचा जांभळा, अर्धा विरलेला शिक्का होता आणि पेन्सिलीने मोडीत दोन ओळी. तिघा पुरुषांची नावे, पुढे ‘व घरातील मंडळी’, आणि ‘शके १८७९, चैत्र’. म्हणजे इसवी सन १९५७. घरात कुणाला मोडी येत नाही, म्हणून या ओळींकडे कुणी पाहिले नाही. पण खरे तर पाठीकडेच कुणी पाहिले नव्हते. मोबाइलने फोटोचा फोटो काढताना पाठ काढायची असते, हे कुणाच्या मनातही येत नाही. मराठीत ‘पाठ’ म्हणजे फोटोची मागची बाजू आणि ‘पाठ’ म्हणजे संहिताही. आपण फोटो चढवतो तो या दोन्ही पाठांशिवाय.

मग मी आत्याला विचारले. तिचे वय आता सत्त्याऐंशी. ती गटावर नाही, कारण तिच्याकडे साधा फोन आहे. फोटोत सगळ्यात कडेला उभी असलेली, एका प्रतीत कापली गेलेली बाई म्हणजे तीच. लग्नाला वर्ष झाले होते. तिला काहीच नवल वाटले नाही.

“आरं, आमच्या घराला येवढ्या पायऱ्या कवा व्हत्या? लोणावळ्याला काढलाय त्यो. बाजारात गेलो व्हतो समदी.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“मला कुनी इचारलं?”

या उत्तरावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. गटावर त्या फोटोला शेकडो वेळा हात जोडले गेले, आणि फोटोतले एक माणूस तीस किलोमीटरच्या आत जिवंत होते. पेन्सिलीच्या ओळीत ‘मंडळी’ म्हणून मिटवलेल्या चौघींची माहेरची आणि सासरची नावे आत्याने एका दमात सांगितली. ती नावे मूळ लिहिणाऱ्यानेही लिहिली नव्हती, त्यामुळे पाठ वाचूनही मिळाली नसती. ती फक्त तिच्याकडे होती.

स्टुडिओच्या पडद्याला मी खोटेपणा म्हणत नाही. ख्रिस्तोफर पिन्नी यांनी मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंचा अभ्यास करून लिहिलेल्या ‘कॅमेरा इंडिका’मध्ये (१९९७) दाखवले आहे की, आपल्याकडे माणूस स्टुडिओत आहे तसा दिसायला जात नाही, आपल्याला कसे दिसायचे आहे ते ठरवायला जातो. शेणाने सारवलेल्या ओसरीतली माणसे बाजाराच्या दिवशी कमानीपुढे उभी राहिली, यात त्यांची हौस आहे आणि तो त्यांचा हक्कही आहे. १९५७ साली त्या पडद्याने कुणालाच फसवले नाही. समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते कापड आहे, हे ठाऊक होते. फसवणूक झाली ती साठ वर्षांनी, पाठ टाकून देणाऱ्या प्रतींनी.

याची दुसरी बाजूही पाहावी. कार्ल्याच्या लेण्यांचे एकोणिसाव्या शतकातले फोटो आज ऑनलाइन पाहता येतात. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली, तेव्हापासूनच्या अशा चित्रांच्या नोंदी परदेशी संग्रहांत नीट ठेवलेल्या असतात : छायाचित्रकार, साल, माप. पण त्या काळच्या फोटोंत अनेकदा उंचीचा अंदाज यावा म्हणून खांबाशी एखादा स्थानिक माणूस उभा केलेला असतो, आणि त्याचे नाव नसते. तिथे तारीख आहे, माणूस नाही. आमच्याकडे माणूस आहे, तारीख नाही. आणि ऑनलाइन गेले म्हणजे जपले गेले, असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने विस्कळीत होत्या.

अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ या दोन्हींमधली वाट दाखवतो. तिथे कौटुंबिक फोटो एकटा येत नाही, तो कोणी दिला आणि त्यामागची हकीकत काय, हे सोबत येते. पद्धत म्हणून मला ती आदर्श वाटते. पण तिथली हकीकत इंग्रजीत, लिहिलेली असते. माझ्या आत्याची हकीकत बोललेली आहे आणि मावळीत आहे. जे दार सोपे आहे ते काहीच विचारत नाही. जे विचारते ते तिच्या भाषेत विचारत नाही. मावळातल्या फोटोंची खरी अपलोडची अडचण मला इथे दिसते. फाइल लहान-मोठी करण्याची अडचण जरूर दूर करावी. प्रश्नांची अडचण दूर करू नये, ती मराठीत आणावी.

हक्काचा प्रश्नही वाटतो तितका अवघड नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. त्याआधीच्या कायद्यातही तत्त्व हेच होते. ‘स्वतःचे काम’ म्हणण्याची मला गरज नव्हती. ‘घरच्यांनी स्टुडिओत काढून घेतला, प्रत आत्याकडे’ हे खरे उत्तर होते, पण ते मला तेव्हा माहीत नव्हते.

आता त्या फोटोच्या नोंदीत पुढची बाजू, पाठ आणि आत्याचा आवाज अशा तीन फाइली आहेत. कमान पडद्यावरची आहे म्हटल्यावर मी घराचे वर्णन विचारले, तेव्हा ती वीस मिनिटे बोलली : ओसरी कोणत्या अंगाला, जाते कुठे, गोठ्यातून नदी कशी दिसे, पाणी चढताना वासे काढून कसे आणले. त्यातले दोन वासे अजून तिच्या माळ्यावर आहेत. घराचा पुरावा तिथे होता, आणि आम्ही कमान पुजत होतो.

हे आतेभावाला सांगणे सोपे नव्हते. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “कमान राहू दे. पण वासे बघायला येतो.” गटावर मी जुन्या फोटोखाली दुरुस्ती लिहिली आणि पाठीचा फोटो टाकला. जोडलेले हात आले नाहीत. थोड्या वेळाने एका भाच्याचा निरोप आला : “मामा, फोटो उलटा अपलोड झालाय, परत टाका.”

मी त्याला आत्याचा नंबर पाठवला.