चूळपन्थकाचे फडके

पावसाळ्यात भुशीच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याने शनिवार-रविवारी जे तरुण पाठीवर पिशव्या घेऊन चालताना दिसतात, त्यांत नुसते मौजेकरिता आलेले जसे असतात, तसे पुढे कोरीगड चढून स्वतःस काही सिद्ध करून दाखवावे या निश्चयाने आलेलेही असतात. अशाच एका विद्यार्थ्याने भुशी येथे प्रस्तुत लेखकास थेरीगाथेतील चित्ता थेरीचा दाखला दिला. 'तुझ्याने काही व्हायचे नाही' असे मन सारखे बजावीत असते. गड चढला की ते गप्प बसते. चित्ता थेरीनेही हेच केले नाही काय, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न प्रामाणिक होता. मात्र ते वाक्य प्रथम त्याच्या मनाने उच्चारलेले नव्हते, ते एका शिक्षकाचे होते, हेही त्याच्याच बोलण्यातून कळले. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून मूळ गाथांकडे पुन्हा पाहणे आवश्यक वाटते.

चित्ता थेरीच्या नावे दुकनिपातात दोनच गाथा आहेत. कृश, आजारी, अत्यंत दुर्बल झालेली ही भिक्खुणी काठीच्या आधाराने पर्वत चढते. वर गेल्यावर संघाटी खाली ठेवते, पात्र पालथे घालते, खडकाचा आधार घेऊन स्वतःस सावरते. आणि तेथे तिच्या अज्ञानाचा अंधार फुटतो. हा पर्वत गृध्रकूट होय, असे अट्ठकथा सांगते. गाथेला त्याचे नाव सांगण्याची गरज वाटलेली नाही. लगेच पुढे येणाऱ्या मेत्तिका थेरीच्या गाथाही जवळजवळ याच घडणीच्या आहेत.

या गाथांना पराक्रमगीते मानण्याची प्रथा पडत चालली आहे. आमच्या मते ती गाथेच्या शब्दांवर अन्याय करणारी आहे. चढण संपल्यावर चित्ता बलवान झाली, असे गाथा म्हणत नाही. वर पोहोचल्यावरही तिला खडकाला टेकावेच लागते. दुर्बलता जिंकली गेलेली नाही, ती आहे तशीच मान्य केलेली आहे. बदलले ते एवढेच की, 'मी दुर्बल' या विधानाचा तिच्या कार्यावरील अधिकार संपला.

येथे अभिधम्मातील एका विश्लेषणाचा उपयोग होतो. विभंगात मानाचे, म्हणजे अहंकारयुक्त मोजमापाचे, प्रकार सांगताना 'मी श्रेष्ठ' व 'मी समान' यांच्याच पंक्तीस 'मी हीन' हाही बसविला आहे. वरवर पाहता हे चमत्कारिक वाटते. स्वतःस तुच्छ लेखणारा माणूस आपल्या मराठीत विनम्र ठरतो. अभिधम्मात तो दुसऱ्यांशी स्वतःस मोजीत बसलेला माणूस आहे. हे मान्य केले तर गड चढण्याचा प्रश्न निराळ्या रीतीने मांडावा लागतो. चढून उतरल्यावर मन जर 'आता मी इतरांहून सरस' असे म्हणू लागले, तर मोजपट्टी तीच राहिली, फक्त तिच्यावरील खूण वर सरकली. पुढच्या अपयशाला ती पुन्हा खाली येणारच.

मग श्रमाचे काहीच मोल नाही काय? तसे नव्हे. वितक्कसण्ठान सुत्तात अकुशल वितर्क शमविण्याचे पाच उपाय आहेत. दात दातांवर दाबून, जीभ टाळूला लावून मनाने मन दडपणे, हा त्यांतील अगदी शेवटचा. त्याच्या आधीच्या उपायात वेगाने चालणाऱ्या माणसाची उपमा येते : हा स्वतःस विचारतो, मी इतका घाईने का चालतो आहे? मग तो सावकाश चालतो, मग थांबतो, मग बसतो, शेवटी आडवा होतो. बळाचा प्रयोग शेवटी आणि थांबण्याचा त्याच्या आधी, हा क्रम अर्थपूर्ण आहे. महासच्चक सुत्तात तर बोधिसत्त्वाने दात दाबण्याचा हाच उपाय केल्याचे, काखांतून घाम गळल्याचे आणि तरीही देह अशांतच राहिल्याचे वर्णन आहे.

श्रम कशासाठी, हे ज्याला पाहावयाचे आहे त्याने चूळपन्थकाकडे जावे. थेरगाथेच्या दसकनिपातात त्याच्या दहा गाथा आहेत. बुद्धीने मंद म्हणून त्याची अवहेलना होई. थोरला भाऊ महापन्थक, जो स्वतः भिक्खू होता, त्याने त्याला घरी जा म्हणून हाकलले. तो संघारामाच्या दरवाजाशी खिन्न होऊन उभा राहिला. पण त्याला जावयाचे नव्हते. तथागत तेथे आले, त्यांनी त्याच्या मस्तकावरून हात फिरविला, दंड धरून आत नेले आणि पाय पुसण्याचे फडके देऊन त्यावर चित्त स्थिर करण्यास सांगितले. तू मंद नाहीस, असा युक्तिवाद त्यांनी केला नाही. उणिवेची चर्चाच बाजूला ठेवून हातात काम दिले, आणि तेही पायपुसण्याचे!

अट्ठकथेत व चुल्लसेट्ठी जातकाच्या प्रास्ताविक कथेत हे फडके स्वच्छ वस्त्र होते. चूळपन्थक सूर्याकडे पाहत 'रजोहरण' म्हणत ते चोळीत राहतो, ते त्याच्याच देहस्पर्शाने मळते आणि त्यातून त्याला अनित्यता उमगते. हाताचा हा अविरत चाळा गाथेत नाही. ती अट्ठकथेची देणगी आहे आणि ती मोठी आहे. शब्द पाठ करण्यात चार महिने हरलेल्या माणसाला हाताच्या वाटेने आत नेण्याची ही कल्पना कोणा अनुभवी गुरूलाच सुचावी. परंतु हीच अट्ठकथा त्याच्या मंदपणाचे कारण पूर्वजन्मात शोधते : काश्यप बुद्धाच्या काळी त्याने एका मंद भिक्खूची थट्टा केली होती म्हणे! गाथेत अवहेलना करणारे इतर आहेत आणि हाकलणारा भाऊ आहे. कथेत दोष पुन्हा हाकललेल्याच्याच पदरी पडतो. हा बदल निरुपद्रवी नाही.

आपल्या समाजाला तर तो मुळीच निरुपद्रवी वाटू नये. येथे कोट्यवधी माणसांच्या मनातील 'मी हीन' हा उच्चार पिढ्यान् पिढ्या बाहेरून घालण्यात आला, आणि त्याचेही समर्थन पूर्वजन्मानेच केले गेले. म्हणून हीनमान हा मानाचाच प्रकार, हे विधान हीन ठरविलेल्यांवर दोषारोप करण्याकरिता वापरता येणार नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसे परिषदेच्या मंडपातून चवदार तळ्यापर्यंत चालत गेली व पाणी प्याली. अंतर फार नव्हते, कृती रोजची होती. श्रेष्ठत्व सिद्ध करणे हा हेतू नव्हता; आपणही इतरांप्रमाणे माणसेच आहोत, हे प्रस्थापित करावयाचे होते. 'मी समान' हाही मान, असे येथे कोणी अभिधम्म उघडून सांगू लागेल, तर हक्काचा दावा आणि मनातील मोजमाप यांची तो गल्लत करीत आहे, असेच म्हणावे लागेल.

भुशीपासून थोड्या अंतरावरील भाजे लेणी पाहताना हाच विचार मनात येतो. तेथील चौदा स्तूपांपैकी काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. डोंगरात राहणाऱ्या या भिक्खूंना पिंडपातासाठी गावात उतरावे लागे आणि पात्र घेऊन पुन्हा वर यावे लागे. विसापूरच्या पायथ्याची ही चढण त्यांच्या लेखी साहस नव्हते, भोजनाची वाट होती.

त्या विद्यार्थ्यास आम्ही गड चढू नकोस असे सांगितले नाही. चित्तेच्या गाथेतील पालथे पात्र तेवढे त्याला दाखविले. तो ते विसरला होता, कारण त्याने वाचलेल्या गोषवाऱ्यात केवळ काठी आणि पर्वत होते. थेरगाथा व थेरीगाथा यांच्या यापुढील मराठी आवृत्त्यांत मूळ गाथेचा अनुवाद एका पृष्ठावर आणि अट्ठकथेतील कथा समोरच्या पृष्ठावर स्वतंत्रपणे छापली जावी, अशी संपादकांस आमची विनंती आहे.