निर्जन म्हणजे काय?

क्नूट हामसुनच्या ‘ग्रोथ ऑफ द सॉइल’ (१९१७) या कादंबरीत उत्तर नॉर्वेचे रान ही केवळ पार्श्वभूमी नव्हे; इसाकच्या कष्टांतून तेथे उभी राहणारी शेती हेच कथानक होय. परंतु कादंबरीकार जी भूमी निर्जन मानतो, तेथे सामी लोक आधीपासूनच वावरत होते. कादंबरीत मात्र ते संशयास्पद उपरे ठरतात. धार-देवासच्या मराठी लेखकाने हा गुण व हा दोष दोन्ही पारखावेत. संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली, तरी आपली लेखणी पवारांच्या वाड्यांभोवतीच रेंगाळते; कुक्षीकडील डोंगरांत विखुरलेली भिल्लांची घरे तिला ओसाड रानच भासतात. वाड्याबाहेरचे ऐकण्याचा धडा देवासलाच मिळाला आहे: तेथे राहून कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग उभे केले. गायकाने जे ऐकले, ते लेखकाने अद्याप ऐकावयाचे आहे.