भिंतीवरची बखर

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात मराठी वाचक शिरतो तो बहुधा अभिमान घेऊनच. एवढा लांबलचक मराठी शिलालेख, आणि तोही तमिळ मुलखात! मीही तसाच गेलो. पण भिंतीसमोर उभा राहून एकेक ओळ लावू लागलो, तेव्हा प्रश्न पडला: ही विजयकथा विजयानंतर सव्वाशे वर्षांनी, १८०३ मध्ये का कोरावीशी वाटली?

विजयाची हकीकत तशी अडचणीची आहे. १६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावर घेतले, विजयराघव नायक लढाईत पडला. त्याच्या वंशजाला गादी मिळवून देण्यासाठी विजापूरकरांनी शहाजीपुत्र व्यंकोजींना धाडले. १६७६च्या सुमारास गादीवर बसले ते स्वतः व्यंकोजी. मदतीला आलेला सरदार राजा होतो, तेव्हा त्याला समर्थन लागते. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमलाही ते लागले. बायोच्या भरतकामात हॅरल्डची शपथ म्हणूनच एवढी ठळक आहे.

पण ते समर्थन सत्ता ताजी असतानाचे. 'भोंसले वंशचरित्र' कोरवणाऱ्या दुसऱ्या सरफोजींच्या हातून सत्ता निसटली होती. ते दत्तक, त्यांच्या दत्तकविधानावरून वाद झाला. अमरसिंहांना दूर करून कंपनीने १७९८ मध्ये त्यांना गादीवर बसवले आणि १७९९च्या तहाने राज्यकारभार स्वतःकडे घेतला. म्हणून हा लेख तलवारीपेक्षा वंशाचा आधार घेतो. व्यंकोजींचा विजय त्यात पिढ्यांच्या साखळीतली एक कडी होतो, आणि साखळीचे शेवटचे टोक सरफोजींच्या हाती येते.

याच मंदिरात राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत. त्यांत आधी जिंकलेल्या प्रदेशांची प्रशस्ती येते, मग देवाला दिलेल्या दानांचा बारीकसारीक हिशेब. तिथे विजय देवळाच्या नित्य व्यवहारात मुरतो. मराठी लेखात तो घराण्यापाशीच थांबतो. बखर म्हणून हीच त्याची मर्यादा मला वाटते: नायकांचे तंजावर त्यात केवळ भोसल्यांच्या येण्याची पूर्वतयारी ठरते.

तरीही लेख मनात राहतो. १८५५ मध्ये पुरुष वारस नाही म्हणून कंपनीने तंजावरची राजगादीच खालसा केली. ज्या वंशाच्या दाव्यासाठी दगड कोरला, त्याच दाव्यावर घाव पडला. आपण तिथे जाऊन लेखाची लांबी सांगतो. त्याची भीतीही वाचायला हवी.