सरकारी ग्रंथ आणि त्यांची सूची

पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड मुंबई सरकारने १९३० ते १९३४ ह्या काळात छापले. बडोद्याच्या राजसेवेतून निवृत्त झालेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे त्यांचे संपादक. मोडीतील सहस्रावधी पत्रे ह्या खंडांमुळे प्रथमच बालबोध लिपीत वाचकांसमोर आली. वसईच्या मोहिमेचे कागद एका खंडात, माळवा-बुंदेलखंडातील हालचालींचे दुसऱ्यात, अशी त्यांची विषयवार मांडणी आहे. गोव्यातील, इंदूरच्या वा ग्वाल्हेरीच्या मराठी अभ्यासकास आपल्या प्रांताचा इतिहास ज्या साधनांतून वाचावयाचा, त्यांत ह्या मालेचे स्थान फार वरचे आहे.

आता ही माला ग्रंथालयात कोठे सापडते ते पाहावे. मजकूर मराठी असला तरी मालेचे नाव इंग्रजीतही छापलेले. तेवढ्यावरून आम्ही पाहिलेल्या एका मोठ्या ग्रंथालयात ती इंग्रजी विभागात गेली आहे. सूचीतील कर्त्याच्या जागी ‘मुंबई सरकार’ असे आहे आणि ४५ खंडांस मिळून पत्रक एकच आहे. मराठी सूचीत ‘सरदेसाई’ ह्या नावाखाली मराठी रियासत आहे, परंतु ही माला नाही. ‘वसई’ ह्या शब्दाखाली तर काहीच नाही. आमचे एक सहशिक्षक वसईच्या मोहिमेवर लेख लिहिण्यासाठी तेथे दोन दिवस बसले आणि दुय्यम दर्जाच्या चरित्रांवर समाधान मानून परतले. ते कागद त्यांच्यापासून वीस पावलांवर कपाटात होते.

हा दोष सूचीकाराच्या आळसाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. सरकारने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा कर्ता सरकारच मानावे, प्रथम प्रदेशाचे नाव, मग खात्याचे, अशा क्रमाने नोंद करावी, हा सूचीशास्त्रातील मान्य संकेत आहे. डॉ. रंगनाथन ह्यांच्या १९३४ सालच्या सूचिसंहितेतही त्याला स्थान आहे. अहवाल, अंदाजपत्रके, जनगणनेची कोष्टके ह्यांच्यासाठी तो योग्यच म्हणावा लागेल, कारण त्यांस दुसरा कर्ता नसतो. परंतु त्याच रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचविण्याचे एक सूत्र आहे, हे आपण विसरतो. नियम मुख्य नोंदीपुरता असतो; विषय, संपादक, मालेचे नाव व प्रत्येक खंडाचे शीर्षक ह्यांच्या जोडनोंदी करण्यास कोणत्याही संहितेने मनाई केलेली नाही. आपल्याकडे मुख्य नोंद झाली की काम संपले, असे मानले जाते. उलट उदाहरण हवे असेल तर मुंबई सरकारने १९५० साली काढलेल्या तुकारामबावांच्या अभंगांच्या गाथेचे घ्यावे. तीही सरकारी प्रकाशनच, पण ती कधी कोणास शोधावी लागली नाही. कारण कोणत्याही सूचीकारास ती तुकारामाखेरीज अन्य नावाखाली घालण्याचे धैर्य झाले नाही!

प्रदेशाच्या नावाने नोंद करण्याची खरी झळ सीमाभागाला लागते. बेळगाव जिल्ह्याचे जुने गॅझेटियर १८८४ सालचे; ते ‘मुंबई इलाखा’ ह्या नावाखाली. १९५६ च्या पुनर्रचनेनंतरची प्रकाशने ‘म्हैसूर’खाली आणि १९७३ साली राज्याचे नाव बदलल्यानंतरची ‘कर्नाटक’खाली. जिल्हा एक, माणसे तीच, शेतसारा त्याच शिवाराचा. पण सूचीत त्यांची तीन घरे. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाल्याने चौथी अडचण उभी राहिली. ग्वाल्हेर-इंदूरकरांस ‘मध्य भारत’ आणि ‘मध्य प्रदेश’ ह्यांत अशीच विभागणी भोगावी लागते. गोव्याचा १९६१ पूर्वीचा सरकारी मजकूर तर पोर्तुगीज भाषेतील शीर्षकांमागे आहे. एका नावाकडून दुसऱ्याकडे नेणारी ‘पाहा’ अशी दोन अक्षरांची नोंद ह्या सर्वांवर पुरेशी आहे. ती नसेल तर आपल्या गावाविषयी सरकारने काहीच छापले नाही, असे विद्यार्थ्याने समजावे ह्यात त्याचा काय अपराध?

कायदा ह्या बाबतीत वाचकाच्या बाजूचा आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रत्येक नव्या ग्रंथाची प्रत कोलकाता, मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील चार ग्रंथालयांस देणे बंधनकारक केले, आणि केवळ कार्यालयीन उपयोगाची पुस्तके वगळून सरकारी प्रकाशनांसही तो लागू केला. मात्र त्या चार नगरांत ना बेळगाव आहे, ना बडोदे, ना पणजी. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील चौथे कलम ह्याहून पुढे जाते. अभिलेखांची सूची व अनुक्रमणी तयार ठेवावी आणि माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा लक्षात घ्यावी, असे ते सांगते. हे कलम अर्जदारांस ठाऊक असते. ग्रंथालयांत त्याची चर्चा आम्ही ऐकलेली नाही.

आता सारे संगणकावर आले आहे, ही ओरड कशाला, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्राची गॅझेटियरे संगणकावर वाचता येतात हे खरेच आहे आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु जुन्या मराठी ग्रंथांच्या ज्या प्रती तेथे चढविलेल्या आढळतात, त्यांपैकी कित्येकांची शीर्षके रोमन लिपीत आणि मनास येईल त्या वर्णलेखनाने टंकलेली असतात; खंडाचा क्रमांक पुष्कळदा नसतोच. देवनागरीत ‘पेशवे दप्तर’ असे लिहून शोधणाऱ्याच्या हाती अशी प्रत लागत नाही. जुने अज्ञान नव्या यंत्रात घातले एवढेच. पुनर्मुद्रणाचा प्रश्न निराळा आणि कठीण आहे. डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांच्या खंडांची छपाई रखडल्याच्या वृत्ताची २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयास स्वतःहून दखल घ्यावी लागली, ह्यावरून त्याचे गांभीर्य कळावे. सूचीला मात्र कागद लागत नाही, की निविदा लागत नाही.

म्हणून अकादमीपुढे आमची सूचना मर्यादित आहे. पेशवे दप्तराच्या ४५ खंडांची विषय, स्थळ आणि संपादक ह्यांनुसार देवनागरी सूची अकादमीने ह्याच नियतकालिकात क्रमशः छापावी व तिच्या सुट्या प्रती सभासद ग्रंथालयांस पाठवाव्यात. प्रत्येक खंडाच्या प्रारंभी दिलेला विषय आणि पत्रांवरील तारखा ह्यांच्या आधारे दोन शिक्षकांस हे काम एका उन्हाळ्याच्या सुटीत उरकता येईल. स्थळनामांसाठी मोडी जाणणारा एक सहकारी हाताशी असावा, कारण काही गावांची नावे खंडांतही शंकास्पद वाचली गेली आहेत. त्यानंतर बेळगाव जिल्ह्यासंबंधीची प्रकाशने तिन्ही राज्यनामांखालून एकत्र आणण्याचे काम हाती घेता येईल. ते अधिक लांबीचे आहे आणि त्यासाठी कन्नड वाचणारा शिक्षक सोबत घ्यावाच लागेल.