साक्ष न देणारं पुस्तक

इंद्रप्रस्थ स्थानक सोडलं की नोएडाकडे जाणारी मेट्रो यमुनेवर येते. पुलाच्या दक्षिणेला, रिंगरोड आणि नदी यांच्या मधल्या पट्टीत, प्रगती मैदानाच्या बाजूला 2006 पर्यंत नांगला मांची नावाची वस्ती होती. मी नोएडात राहायला आले तेव्हा ती पाडून झाली होती. तिची माझी ओळख आहे ती 'बहुरूपिया शहर' या हिंदी पुस्तकातून, आणि त्यातली काही पानं मराठीत आणण्याच्या माझ्या खटपटीतून. ती खटपट अजून पुरी झालेली नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

पुस्तक 2007 साली राजकमल प्रकाशनानं काढलं. त्याच्या मागे 'सायबरमोहल्ला' हा उपक्रम होता. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतला 'सराय' हा गट आणि शिक्षणात काम करणारी 'अंकुर' ही संस्था यांनी तो 2001 मध्ये सुरू केला. आधी लोकनायक जयप्रकाश रुग्णालयाजवळची एलएनजेपी वस्ती, मग दक्षिणपुरी आणि नांगला. प्रत्येक ठिकाणी एखादी खोली, काही संगणक आणि आसपासची तरुण मुलंमुली. काम साधं होतं. रोज जमायचं, गल्लीत पाहिलेलं-ऐकलेलं लिहायचं, ते सगळ्यांसमोर वाचायचं, आणि ऐकणाऱ्यांनी त्यावर बोलायचं. हे वर्षानुवर्षं चाललं. वीस जणांच्या लेखनाचं हे पुस्तक त्यातून आलं. अज़रा तबस्सुम, शमशेर अली, लख्मीचंद कोहली, जानू नागर ही त्यातली काही नावं.

वस्तीच्या गोष्टींचा नकाशा करणारे कलाप्रकल्प आता दिल्लीला नवे नाहीत. त्यांची एक ठरावीक चाल असते. पाहुणा कलावंत काही आठवडे येऊन राहतो, गोष्टी गोळा करतो, त्या नकाशावर टाचतो, शेवटी प्रदर्शन भरतं. यातून चांगलं काम झालेलं मी पाहिलं आहे. खिडकी एक्स्टेन्शनमध्ये 'खोज' या संस्थेनं शेजाऱ्यांना धरून जे केलं ते त्यातलंच. सायबरमोहल्ल्यात मात्र लिहिणारे पाहुणे नव्हते. ते तिथेच राहत होते. त्यामुळे परत जाऊन कुणाला तरी काहीतरी दाखवण्याची घाई या लेखनात नाही.

नकाशा काढणारा आणखी एक जण त्याच वेळी नांगल्यात आला होता, तो म्हणजे सरकार. न्यायालयाच्या आदेशानं वस्ती पाडायची ठरली, आणि त्याआधी सर्वेक्षण झालं. दिल्लीच्या तेव्हाच्या धोरणानुसार 31 जानेवारी 1990 च्या आधीपासून राहत असल्याचं सिद्ध झालं तर 18 चौरस मीटर, 1998 अखेरपर्यंतचं सिद्ध झालं तर साडेबारा, त्यानंतर आलेल्याला काही नाही. ज्यांना जागा मिळाली त्यांतले बरेच जण शहराच्या पश्चिम टोकाला सावदा घेवऱ्यात गेले. मुंबईच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. 1976 ची झोपडपट्टी गणना, फोटोपास, 1 जानेवारी 1995 ही तारीख हे शब्द आपल्याकडे कितीतरी घरांच्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले आहेत.

माणसानं आपण इथे राहिलो हे कागदानं सिद्ध करायचं, अशी ही व्यवस्था आहे. 'बहुरूपिया शहर' तसा पुरावा द्यायला नकार देतं, आणि मला पुस्तकाचं मोठेपण त्यातच दिसतं. पुस्तकात सर्वेक्षण आहे, पर्च्या आहेत, पाडापाडी आहे. पण 'आमच्यावर काय गुदरलं ते ऐका' असा सूर लावून ते वाचकाला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवत नाही. दुकानात उभं राहून ऐकलेलं बोलणं आणि रात्री उशिरा घरी येणारा माणूस यांनाही पाडकामाइतकीच जागा आहे.

मराठी वाचकाला इथे अडखळायला होतं, आणि मलाही झालं. वस्तीतलं लेखन म्हटलं की आपल्याला आत्मकथन आठवतं. बागुलांच्या कथा आणि ढसाळांच्या 'गोलपिठा'पासून (1972) पुढे आलेल्या या परंपरेनं आपल्याला 'मी' आणि 'आम्ही' ऐकायला शिकवलं. ते शिकवणं फार मोठं होतं. पण त्याची एक सवयही लागली. मी केलेली काही पानं एका संपादकांना दाखवली तेव्हा त्यांनी लेखकांची पार्श्वभूमी मागितली: घरची परिस्थिती, शिक्षण, कोण कुठून आलं. 'नाहीतर वाचक याला धरणार कशाला?' असं ते म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता. पण तोही एक सर्वेच होता.

माझी खरी अडचण एका सर्वनामाची आहे. हिंदीत 'हम' म्हटलं की काम भागतं. श्वेता सारडा यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 'ट्रिकस्टर सिटी' (पेंग्विन, 2010). त्या भाषेलाही एकच शब्द पुरतो. मराठीत निवड करावी लागते. 'आम्ही' म्हटलं की वाचक बाहेर उभा राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो. पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे 'आम्ही' लिहिलं होतं आणि मला ते प्रामाणिक वाटलं होतं; नोएडातल्या सोसायटीत राहणाऱ्या बाईनं 'आपण' कसं म्हणावं? मोठ्यानं वाचल्यावर कळलं, की त्या एका शब्दानं सगळं पुस्तक निवेदन होऊन गेलं होतं, सरकारदरबारी द्यावं तसं. मग सगळीकडे 'आपण' करून पाहिलं. पाडापाडीच्या पानांवर ते खोटं निघालं. बुलडोझर काही माझ्या घरावर आला नव्हता.

पुस्तकातही उणं आहे. एकत्र बसून लिहिण्याची किंमत अशी की काही लेख एकमेकांसारखे वाजतात. एखाद्या गल्लीचं नेमकं चित्र रंगत असताना मध्येच चिंतनाचं वाक्य येतं, आणि ते गल्लीपेक्षा चर्चेच्या खोलीतलं वाटतं. आपल्याकडचं लेखन ज्या ठसठशीतपणे जात समोर ठेवतं, तशी ती इथे येत नाही. ओळख सांगायला नकार देण्याचा तो भाग असेल, पण दिल्लीत कोणाला कुठे झोपडी बांधता येते हे जातीवाचून कसं कळणार? सातत्यानं आत्मकथनं वाचलेल्या वाचकानं हा प्रश्न विचारायलाच हवा.

शीर्षकाच्या बाबतीत मात्र मराठीला हिंदीहूनही जवळचं काही सापडतं. इंग्रजी 'ट्रिकस्टर'मध्ये फसवणूक पुढे येते. आपला बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात उभा राहतो, तुमच्या नावाचं वॉरंट आहे म्हणून दरडावतो. पोरं घाबरतात, मग हसतात, त्याच्या झोळीत पसाभर धान्य पडतं. हा खेळ आहे आणि तो संपणार आहे, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं. नांगल्यात आलेला पोलीस वेश उतरवणारा नव्हता. 'बहुरूपी शहर' म्हटल्यावर मराठी वाचकाला हा फरक न सांगता जाणवेल, अशी मला आशा आहे.

सध्या माझ्याकडे प्रत्येक पानाला दोन सर्वनामं आहेत. गल्लीच्या, ऐकण्याच्या, रात्रीच्या पानांवर 'आपण' ठेवते आहे. घर पाडलं जातं तिथे 'आम्ही'. एकाच लेखात दोन्ही आली की वाचक दचकेल, कदाचित मुद्रितशोधक चूक समजून एकसारखं करायला जाईल. त्यांच्यासाठी समासात लिहून ठेवलं आहे: तसंच राहू द्यावं.