आडनावाला लागलेली आग

दिवाळीच्या फराळाबरोबर व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' कशाला, असे कुणी विचारील. मी ती यंदा पुन्हा वाचली, म्हणून सांगतो.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. खुनी गोडसे ब्राह्मण. तेवढ्यावरून महाराष्ट्रात गावोगाव ब्राह्मणांची घरे जळली. त्या दिवसांची ही कादंबरी. माडगूळकर आक्रोश करीत नाहीत, आणि हा संयमच वाचकाला अधिक अस्वस्थ करतो. एक उणीव मात्र जाणवते. कथा पाहते ती जळणाऱ्या घरांच्या बाजूने. आग लावणाऱ्यांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या काय साचले होते, त्याचा तळ ती पुरता ढवळीत नाही. कारण समजून घेणे म्हणजे समर्थन नव्हे. पण ते कळल्यावाचून प्रतिबंध तरी कशाचा करायचा?

याला वंशसंहार म्हणता येणार नाही. पण त्याची पहिली पायरी हीच : एकाचा अपराध साऱ्या जमातीच्या माथी मारणे. संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्ध करार केला तोही १९४८च्याच डिसेंबरात. तरीही १९९४ साली रुवांडात ओळखपत्रावरची 'तुत्सी' ही नोंद माणसांच्या जिवावर बेतली. आमच्याकडे ते काम आडनाव करते.

मी भाईंदरला मास्तर आहे. माझ्या हजेरीपटावर पाटील, शहा, शेख, डिसोझा एकाखाली एक बसतात. पुस्तक संपवल्यावर दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना जीभ अडखळली. तेव्हापासून मी मुलांना त्यांच्या नावानेच हाक मारतो. मास्तराच्या हाती एवढेच आहे.