ताबुतांच्या भेटी आणि बंधुता

कडेगावच्या (जि. सांगली) मोहरमच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरतात. गगनचुंबी ताबुतांच्या भेटी व हिंदू-मुस्लिमांचा एकत्र सहभाग पाहून आम्हांसही समाधान वाटते. परंतु या चित्रणात ताबुतांची उंची दिसते. ते वाहणाऱ्या माणसांची ओळख 'ऐक्य' या एका शब्दात विरून जाते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत डॉ. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता ही त्रयी परस्परांपासून विलग करता येत नाही, असे बजावले. समतेवाचून बंधुता हा देखावाच होय. त्याच माध्यमांवर आडनाव वा 'जय भीम' वाचून माणसाची पायरी ठरत असेल, तर ते ऐक्य अपुरे आहे. आपले नाव न लपविता ज्यास सामील होता येते, तोच खरा सहभागी, असे आमचे मत आहे.